भोंग्यातली वजडी

बेसी हॅलिवेल ही एक नंबरची भित्री बाई. ओट्यावर कोळी दिसला तर ती स्टुलावर चढायची. थेम्सकाठच्या आमच्या स्टुडिओत भुताचं चित्र चालू असलं, की चहाची गाडी सेटच्या दारात सोडून ती मागच्या पावली पळायची आणि "ज्याला हवा त्यानं घ्या ओतून" असं लांबूनच ओरडायची. अशा बाईनं अख्ख्या इंग्लंडची बोबडी वळवली. आता बोला! तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "मी कसलं काय केलं? दर गुरुवारी करते तेच केलं."

दर गुरुवारी बेसी वजडी, म्हणजे गुरांच्या पोटातली जाळीदार पिशवी, शिजवायची.

दुधात, भरपूर कांदा घालून, पांढरी मिरी टाकून, दीड तास मंद आचेवर. तिच्या गावाकडं, लँकेशरातल्या ब्रॅकनशॉला, आजाऱ्याला हीच द्यायची, बाळंतिणीला हीच, आणि गिरणीतून दमून आलेल्या माणसापुढंही हीच ठेवायची. तिच्या बापाचं तिथं वजडीचं दुकान होतं. संगमरवरी फळी, काचेमागं अजमोद्याच्या हिरव्या जुड्या, आणि त्यांच्या मधोमध पांढरीफेक वजडी मांडलेली. खरवडायची, चुन्याच्या पाण्यातून काढायची, उकडायची, सगळं बाप स्वतः करायचा, आणि दोन्ही पोरींना त्यानं ते अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. पुढं बेसीनं वॉल्टर नावाच्या सुताराशी लग्न केलं. त्याला स्टुडिओत सेट ठोकायचं काम लागलं, म्हणून ती दक्षिणेत आली. युद्ध संपल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात वॉल्टर छातीच्या दुखण्यानं गेला. स्टुडिओनं तिला कॅन्टीन दिलं. तिकडचं दुकान राहिलं थोरल्या बहिणीकडं, मेबलकडं. मेबलनं लग्न केलं नव्हतं. विचारायला आलेल्या दोघांनाही वजडी आवडत नव्हती, म्हणे.

बेसीला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. येत्या ईस्टरला कॅन्टीन सोडायचं, घरी जायचं आणि मेबलच्या शेजारी त्या संगमरवरी फळीमागं उभं राहायचं. तसं दोघींचं पत्रातून ठरलंही होतं. मेबलची पत्रं चार ओळींची असायची, आणि शेवटची ओळ कधी बदलायची नाही: "दुकान नेहमीसारखं. तू ये म्हणजे झालं."

तोवर गुरुवारचे हाल सोसणं भाग होतं. ह्या दक्षिणेकडच्या लोकांना वजडीचं वावडं. नट्या ताटाकडं बघून नाकाला रुमाल लावायच्या. दिवेवाल्यांचा मुकादम तर दर गुरुवारी न चुकता विचारायचा, "बेसीबाई, हिला शिजवलंय की नुसती आंघोळ घातलीय?"

"तुला रे काय कळायचं आंघोळीतलं!" बेसी त्याच्या पानात चिप्स आपटत म्हणायची. पण दुपारी भरलेलं पातेलं तसंच परत आत नेताना तिचं तोंड एवढंसं व्हायचं. शुक्रवारी सकाळी ती एकटी उभ्यानं ते खायची. रेशन उठून वर्ष झालं होतं, तरी टाकून द्यायला तिचा हात धजायचा नाही.

त्या सप्टेंबरात स्टुडिओची अवस्था बेसीच्या पातेल्यासारखीच होती, म्हणजे घेणारं कुणी नाही. आमचे दिग्दर्शक ऑब्री फेन, उंच, वाकलेले, कायम मफलर गुंडाळलेले. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं आणि टेबलावर हात आपटला.

"नुसत्या भुताला आता लोक हसतात," फेनसाहेब म्हणाले. "ज्यांनी डोक्यावर बाँब पडताना पाहिले त्यांना पांढऱ्या चादरीची काय मातब्बरी? आणि नुसतं यंत्र दाखवलं की जांभया देतात. मग आपण काय करायचं? भूत यंत्रात घालायचं! भुताच्या गोष्टीत निदान पाद्रीबुवाला ठाऊक असतं काय करायचं ते. इथं शास्त्रज्ञ म्हणणार, काळजी करू नका, मला सगळं समजलंय, आणि पहिला तोच मरणार."

चहा ओतता ओतता बेसी पुटपुटली, "म्हणजे आमच्या गावच्या डॉक्टरसारखंच की."

गोष्ट अशी ठरली. चंद्रावरून एक आवाज येतो. एक प्रोफेसर तो यंत्रात पकडतो आणि दाराएवढ्या मोठ्या भोंग्यातून सगळ्यांना ऐकवतो. आणि मग त्या भोंग्यातून, आवाजाच्या मागोमाग, काहीतरी बाहेर येऊ लागतं. ओलं, पांढरट, श्वास घेणारं. ते 'काहीतरी' बनवायचं काम पर्सी टर्नबुलकडं आलं. पर्सी आधी दातांच्या कवळ्या करायचा. रबर, मेण, प्लास्टर ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्याचं पहिलं भूत भोंग्यातून बाहेर आलं तेव्हा प्रोफेसर झालेला नट इतका हसला की त्याची चिकटवलेली दाढी सुटली. गरम पाण्याच्या पिशवीला जीव आल्यासारखं दिसत होतं ते. दुसऱ्याची तीच गत. तिसरं बघून फेनसाहेबांनी मफलर आणखी एक वेढा घट्ट केला. पर्सीला कळलं, चौथं फसलं की आपण पुन्हा कवळ्या करायला मोकळे.

त्या गुरुवारी तो कॅन्टीनच्या कोपऱ्यात येऊन बसला. फळ्यावर काय लिहिलंय ते न वाचताच म्हणाला, "द्या काहीही." बेसीनं संधी साधली आणि वजडी वाढली.

पर्सीनं काट्यानं एक तुकडा ढकलला. तुकडा थरथरला. त्यानं पुन्हा ढकलला. तो पुन्हा थरथरला, आणि त्याच्या जाळीतून दूध हळूच पाझरलं. पर्सीनं चष्मा पुसला, नाक ताटाला लागेल इतका वाकला आणि पाच मिनिटं तसाच बसून राहिला.

बेसी खिडकीआडून बघत होती. तिला भरून आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या वजडीकडं अशा नजरेनं पाहत होतं.

"अजून वाढू का हो, मिस्टर टर्नबुल?"

"बेसीबाई," पर्सी म्हणाला, "ही किती मिळेल?"

"किती हवी?"

"आधी दहा पौंड. मग दर आठवड्याला तेवढीच. मिळेल?"

मिळेल म्हणजे काय! बेसीनं त्याच दिवशी मेबलला पत्र टाकलं, तेही चार ओळींचं नाही, चांगलं दोन पानी. दक्षिणेची माणसं शेवटी वठणीवर आली, दर आठवड्याला दहा पौंड पाठव, आपल्या दुकानातलीच हवी, इथल्या खाटकाला काडीची अक्कल नाही. मेबलचा माल ओल्या मलमलीत गुंडाळून, पत्र्याच्या डब्यातून रेल्वेनं येऊ लागला. राजवाड्याला साबण नाहीतर बिस्किटं पुरवणारे दुकानदार दारावर सोनेरी पाटी लावतात. आपण का मागं राहायचं? मेबलनं काचेत, अजमोद्याच्या दोन जुड्यांमध्ये, ठळक अक्षरांत पाटी लावली: "लंडनच्या फिल्म स्टुडिओला वजडी पुरवणारे." लंडन आमच्यापासून पंचवीस मैल लांब, पण पाटीवर मैल कोण लिहितं!

आठवडाभरानं बेसीच्या मनात आलं, एवढी वजडी सेटवर जाते, एक ताट धुवायला परत येत नाही, आणि व्हिनेगर तर कुणी मागतच नाही. व्हिनेगरशिवाय खातात तरी कशी, बिचारे? भीती गिळून, एका हातात व्हिनेगरची बाटली आणि दुसऱ्यात मिरीची डबी घेऊन ती सेटवर गेली.

आमचा सेट म्हणजे एका जुन्या हवेलीचं नाचघर. तिथं प्रयोगशाळा उभी केली होती. समोर भला मोठा भोंगा, आणि त्याच्या तोंडातून काळपट, ओलं, जाळीदार काहीतरी बाहेर लोंबत होतं. ते श्वास घेत होतं. प्रोफेसरच्या कोटाची बाही त्यानं कोपरापर्यंत गिळली होती.

बेसी किंचाळली. मग तिनं नीट पाहिलं, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं किंचाळली. पहिली किंकाळी भीतीची होती, दुसरी संतापाची.

"थांबा!" फेनसाहेब वळले. "कोण किंचाळलं ते? फार छान. बाई, परत एकदा किंचाळता का? ध्वनिवाले, तयार?"

"ही माझी वजडी आहे!" बेसीचा आवाज चिरकला. "काय फासलंय हिला? काकवी? अहो, अन्न आहे हे! वाटीभर मटणासाठी बायका वर्षानुवर्षं रांगेत उभ्या राहिल्या ह्या देशात, आणि तुम्ही अन्नाला काकवी फासून कर्ण्यात कोंबता? जनाची नाही, मनाची तरी?"

भोंग्यामागून सायकलचे दोन पंप हातात घेतलेला पर्सी बाहेर आला. त्याच पंपांनी तो भुताला श्वास देत होता. त्याचा चेहरा कवळी विसरलेल्या माणसासारखा पडला होता.

"चुकलं माझं, बेसीबाई. आधी सांगायला हवं होतं. पण मी तीन महिने रबर उकळतोय हो. ह्या अख्ख्या स्टुडिओत बघताक्षणी जिवंत वाटणारी हीच एक वस्तू आहे."

हे शब्द बेसीला कुठंतरी आत जाऊन लागले. वजडीबद्दल इतकं चांगलं तिच्या बापानंतर कुणी बोललं नव्हतं. ती जवळ गेली. डोळे बारीक करून तिनं पाहिलं.

"शिवाय उलटी लावलीय," ती म्हणाली.

"काय?"

"उलटी लावलीय म्हटलं! गुळगुळीत बाजू काय दाखवता? ही मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे ना, ती बाहेर काढा. आणि दिव्यांखाली वाळून चामडं होतंय तिचं. दूध कोमट करून आणा. आणि तो पंप असा धसाधसा नाही मारायचा. वजडी रटरटत नाही, थरथरते. आणा इकडे."

झालं! त्या दिवसापासून बेसीशिवाय भुताचं पान हलेना. रोज दहा वाजता ती बाह्या सरसावून सेटवर यायची, वजडी लावून द्यायची, दुधाचा हात फिरवायची, पंपवाल्यांना खडसवायची, आणि कॅमेरा सुरू झाला की भिंतीकडं तोंड करून, डोळे घट्ट मिटून उभी राहायची. तिची एकच अट होती: जी वजडी रंगली नाही, चिकटली नाही, ती कॅन्टीनला परत आली पाहिजे. आली. पण भुताचे राहिलेले तुकडे कोण खातो? गुरुवारचं पातेलं आता पूर्वीपेक्षाही भरलेलं परत जाऊ लागलं, आणि बेसीनं फळ्यावर वजडी लिहिणं काही सोडलं नाही.

मेबलला मात्र तिनं खरं कळवलं नाही. खोटंही लिहिलं नाही म्हणा. "तुझ्या वजडीवरून इथं कुणाची नजर हलत नाही. मोठे साहेब तासनतास बघत बसतात. एका प्रोफेसराला तर ती अशी चिकटली की सुटता सुटेना." देवाशपथ, ह्यातला शब्द न् शब्द खरा होता! मेबलचं उलट उत्तर यायचं: "वाचून बरं वाटलं. पाटी सगळे वाचतात. दुकान नेहमीसारखं."

चित्र मार्चमध्ये लागलं. त्याचं नाव चंद्राविषयी काहीतरी होतं, पण लोक त्याला 'भोंगा'च म्हणायचे. सोळा वर्षांखालच्यांना मनाई, त्यामुळं थिएटरबाहेर रांगाच रांगा. बायका चक्कर येऊन पडतात असं जाहिरातीत छापलं होतं, आणि दोन तरी खरंच पडल्या. फेनसाहेबांनी आनंदाच्या भरात मफलर काढला. इतक्या वर्षांत आम्ही त्यांची मान पहिल्यांदा पाहिली. लगेच दुसऱ्या चित्राच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि डबे येत राहिले.

ईस्टरला तीन आठवडे असताना मेबलचं पत्र आलं.

"बेसी, तुमचं चित्र पुढच्या बुधवारी आपल्या थिएटरात लागतंय, दुपारचा खेळ. बुधवारी दुकानं अर्धा दिवस बंदच असतात, तेव्हा मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की आपल्या दुकानच्या वजडीवर पोसलेल्या माणसांनी हे चित्र काढलंय. चॅपलच्या बायका, शेजारपाजार, गिरणीतल्या आपल्या ओळखीच्या, मिळून बत्तीस जण येताहेत. तूही ये. तुझ्याशिवाय शोभा नाही."

बेसीनं पत्र दोनदा वाचलं. काचेतली ती पाटी. बत्तीस जण. आणि चंद्रावरून भोंग्यातून येणारी बापाची वजडी! हे बघितल्यावर ब्रॅकनशॉत पुन्हा कोण वजडीला हात लावणार? दुकान जाणार, आणि ते आपल्याच हातानं जाणार. तार करावी, तर तारेत लिहायचं काय? शेवटी बुधवारी सकाळी तिनं गाडी धरली, मँचेस्टरला बदलली आणि एक वाजता ती दुकानाच्या दारात उभी होती.

मेबल तयार होऊन बसली होती. डोक्यावर निळी टोपी. ती फक्त लग्नाला आणि मयताला कपाटातून निघायची.

"मेबल, ऐक, मला तुला काही सांगायचंय."

"वाटेत सांग. आधी चल, जागा जातील."

वाटेत चॅपलच्या बायका भेटल्या. "ही आमची बेसी. अख्खा स्टुडिओ हिच्या हातचं जेवतो." बेसीनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तर पाठीवर थापा पडल्या. थिएटरात ती मेबलच्या कानाशी तिसऱ्यांदा वाकली, आणि दिवे गेले.

पुढचा अर्धा तास बेसीनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. प्रोफेसर यंत्राचे खटके फिरवत होता. चंद्राचा आवाज घरघरत होता. मग प्रोफेसर म्हणाला, "काळजी करू नका, मला सगळं समजलंय." आणि भोंग्याच्या तोंडात काहीतरी हललं. पडदाभर पसरलं. जाळीजाळीतून पाझरत, थरथरत ते बाहेर आलं, आणि एक भयंकर किंकाळी उठली.

मेबलनं तिचा हात गच्च धरला. "बेसी, तू ओरडलीस?"

"आत्ता नाही," बेसी कशीबशी म्हणाली. सेटवरची तिची ती पहिली किंकाळी ध्वनिवाल्यांनी पकडून ठेवली होती.

ह्या जागेला इंग्लंडभर माणसं ओरडत होती. ब्रॅकनशॉत सगळं चिडीचूप. बेसीनं डोळे मिटले. मग मागच्या स्वस्तातल्या बाकांवरून एका विणकर बाईचा खणखणीत आवाज आला.

"अगंबाई! मेबल, ही तर तुझी वजडी!"

आणि अख्खं थिएटर फुटलं. लोक गुडघ्यांवर थापा मारत होते. "व्हिनेगर द्या गं कुणीतरी!" "अहो प्रोफेसर, जरा मिरी घाला, मग गिळा!" "मेबल, चंद्रावर केवढ्याला देतेस?" प्रोफेसर मेला तेव्हा तर एक म्हातारा हसून हसून खुर्चीवरून घसरला. मेबल एकटीच हसली नाही. ती पडद्याकडं टक लावून बघत होती, टोपी सरळ, हात मांडीवर. बेसीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा बघायचं धाडस केलं नाही.

घरी आल्यावर मेबल दमलेय म्हणून लवकर झोपली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. दोघींनी नऊ वाजता दुकान उघडलं. बेसीनं बापाचा जुना एप्रन बांधला, फळी पुसली, अजमोदा नीट मांडला. ह्याच जागेचं स्वप्न ती आठ वर्षं बघत होती.

दहा वाजले. पोस्टमन आला. गिरणीतल्या दोन पोरी काचेपाशी थांबल्या, पाटी वाचून एकमेकींना चिमटे काढत हसल्या आणि पुढं गेल्या. अकरा वाजले. एक मांजर आलं. बारा वाजता गिरणीचा भोंगा वाजला, रस्ता माणसांनी भरला आणि पुन्हा रिकामा झाला. आत कुणीच आलं नाही.

बेसीला हुंदका आवरेना. "मेबल, मी तुझं वाटोळं केलं. बाबांच्या दुकानाचं वाटोळं केलं. ते लोक खात नव्हते गं, कधीच खात नव्हते. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तुला फसवलं. काल त्या चित्रानं गिऱ्हाईक तुटलं, सगळं माझ्यामुळं."

मेबल सुरी पुसत होती. तिनं ती पुसून संपवली.

"गिऱ्हाईक काल तुटलं नाही, बेसी. गेल्या गुरुवारीही कुणी आलं नव्हतं. त्याच्या आधीच्याही."

"पण तू तर लिहायचीस, दुकान नेहमीसारखं!"

"मग? नेहमीसारखंच होतं की." मेबलनं खुर्ची ओढली आणि बसली. "जुनी माणसं होती ती खायची. ती मेली. पोरींना चिप्स हवेत, डब्यातलं मटण हवं. गेल्या उन्हाळ्यात मी हे दुकान एका लोकरवाल्या बाईला द्यायचं ठरवलं होतं. तुला कळवायचा धीर होत नव्हता. आणि तेवढ्यात तुझं ते दोन पानी पत्र आलं. दर आठवड्याला दहा पौंड." तिनं सुरी फळीवर ठेवली. "त्या डब्यावर चाललंय हे दुकान, बेसी. नुसत्या त्या एका डब्यावर. घासाघीस नाही, कुरकुर नाही, दर आठवड्याला तेवढंच घेतं. माझं एकुलतं एक गिऱ्हाईक. काल त्याला पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं."

बेसीनं एप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

"चांगलं होतं गं," मेबल म्हणाली. "जाळी काय सुरेख दिसत होती. तूच लावलीस ना? मला वाटलंच. बाबांचा हात आहे तो. मला आधी सांगितलं असतंस तर जरा जाड बघून पाठवली असती." मग सुरीकडं बघत तिनं विचारलं, "दुसरं चित्र काढताहेत ना?"

"काढताहेत."

"त्यात आहे ना ते?"

"आहे," बेसी म्हणाली. "ह्याच्याहून मोठं." खरं तर तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"मग पाटी राहू दे," मेबल म्हणाली.

ईस्टरचं नाव दोघींनी काढलं नाही. काय काढणार? परत यायला दुकान हवं, आणि दुकान राहायचं तर बेसीनं तिकडं भुतापाशी बसायला हवं. ही अक्कल कुणाची, देव जाणे. एक वाजता त्यांनी दुधातली वजडी गरम केली आणि दुकानातच, काचेसमोर, सगळ्या रस्त्याला दिसेल अशा बसून जेवल्या. बेसीनं दोनदा घेतली.

शुक्रवारी ती परत आली ती तडक पर्सीच्या कामाच्या खोलीत. पर्सीचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"बरं झालं आलात, बेसीबाई! हे बघा." त्यानं टेबलावरचं फडकं उचललं. "फेसाचं रबर. नवीन निघालंय. पोटात हवा, वरून ओलसर, बोट लावलं की थरथरतं. आता अन्नाची नासाडी नाही. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, अन्न आहे हे म्हणून? ते माझ्या मनाला फार लागलं होतं. तेव्हापासून ह्याच्याच मागं होतो. पुढच्या आठवड्यापासून तुमचे डबे बंद करू. झालं ना समाधान?"

बेसीनं त्या रबरावर बोट ठेवलं. ते थरथरलं, आणि चांगलंच थरथरलं. कुणी परकं असतं तर तिनं शाबासकी दिली असती.

"मेलेलं आहे हे," ती म्हणाली.

"पण बघा की, हलतंय!"

"हलतं म्हणजे जिवंत झालं का? लोक हसतील, मिस्टर टर्नबुल. पुन्हा हसतील तुम्हाला."

पर्सीनं चष्मा काढला. "पण बेसीबाई, तुम्हीच म्हणाला होतात. ते अन्न आहे."

बेसीनं एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

"अन्न कसलं हो ते," ती म्हणाली. "खातंय कोण त्याला? ते बघायचंच असतं."

 पर्सीनं फडकं पुन्हा रबरावर टाकलं. "किती मागवायची?"

"वीस पौंड. आणि ह्या खेपेला भूत जरा मोठं करा."

मग ती कॅन्टीनमध्ये गेली. फळ्यावर पुढच्या गुरुवारची वजडी लिहिलेली होती, ती तिनं ओल्या फडक्यानं पुसली आणि तिथं सॉसेज लिहिलं. शुक्रवारी मासळी असते, तिला कांदा लागत नाही. तरी तिनं टोपलीतून चांगले मोठे दोन कांदे काढले आणि चिरत बसली, म्हणजे डोळ्यांत पाणी कशाचं असं कुणी विचारलं तर सांगायला बरं.